अ‍ॅक्रिशनला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णविवरावरच्या एका लेखाचं मराठी करतोय. जेटला, म्हणजे विवराजवळून बाहेर उडणाऱ्या प्रवाहाला, 'झोत' लिहिलं, पण अ‍ॅक्रिशनला, म्हणजे भोवतालचा माल विवराकडे ओढला जाऊन जमा होण्याला, काय? 'अभिवृद्धी' म्हटलं की पगारवाढ झाल्यासारखं वाटतं. सध्या 'गिळणे' लिहून ठेवलंय, चालेल?

—

गिळणे नको हो. क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, आत गेलं की संपलंच, मग वाचक विचारणार झोत आला कुठून? तो न गिळलेल्या मालातून निघतो. शेजारच्या ताऱ्याचा वायू सरळ आत पडतच नाही, त्याला फिरकी असते म्हणून भोवती चकती होते, मग घासत तापत हळूहळू आत सरकतो आणि येताना चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो, ते पिळवटलं की अक्षाच्या दोन्ही बाजूंनी माल बाहेर. शिवाय विवराच्या स्वतःच्या फिरण्यातूनही झोताला ताकद मिळू शकते, हे ब्लँडफोर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांचं १९७७ चं गणित. मी 'आवक' म्हणेन. आवक-चकती. झोत म्हणजे जावक!

—

आवक म्हटलं की मला कांदाच दिसतो 😄

—

दिसू दे की, हिशोब तर जमतो. जीएक्स ३३९-४ या कृष्णविवर-ताऱ्याच्या जोडीत एक्स-रे वाढले, म्हणजे आवक वाढली, की रेडिओ म्हणजे जावकही वाढते.

—

नेहमी नाही! ते फक्त हार्ड स्टेटमध्ये, म्हणजे जास्त ऊर्जेचे एक्स-रे वरचढ असतात तेव्हा. सॉफ्ट स्टेटमध्ये, म्हणजे कमी ऊर्जेचे एक्स-रे वरचढ असताना, आवक जोरात असते, चकती आतपर्यंत चमकते, आणि झोत जवळजवळ बंद पडतो. आणि 'झोत' एकच शब्द पुरत नाही असं माझं मत. हार्ड स्टेटमधला संथ चालू असतो तो झोत, पण अवस्था बदलताना गोळे फेकले जातात ती चिळकांडी, फुटक्या पाइपातून उडते तशी. जीआरएस १९१५+१०५ ही अशीच दुसरी जोडी बघा, एक्स-रे अचानक खाली जातात, मग इन्फ्रारेड चढतं, त्याच्यामागून रेडिओ, अर्ध्या तासाच्या आसपास परत तेच. १९९४ मध्ये त्याचेच गोळे प्रकाशापेक्षा जोरात पळताना दिसले होते, अर्थात तो भास, आपल्याकडे कलून येत असल्यामुळे.

—

चिळकांडी भारी आहे, पण एम८७ दीर्घिकेच्या हजारो प्रकाशवर्षं लांब झोताला नका लावू म्हणजे झालं. १९१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिसने तो पाहिला तेव्हा त्यानेही नुसता 'सरळ किरण' म्हटलं होतं.

—

ठरलं, आवक-चकती, झोत आणि एका ठिकाणी चिळकांडी. संपादकबाईंना कांदा दिसला तर इकडेच पाठवतो.