साठेखताआधी घराची तपासणी कोणाकडून करून घ्यावी? (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जुळे सोलापुरात एक जुनं रो-हाऊस बघितलंय. आईबाबांना फार आवडलंय, मालक साठेखताची घाई करतायत. कागदपत्रांची चिंता नाही, वकिलांनी ३० वर्षांचा सर्च घेतलाय. धास्ती आहे ती बांधकामाची. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग थेट छतापर्यंत गेलीय. वरून पुट्टी भरून नवा रंग दिलाय, पण बोट फिरवलं की हाताला लागते. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पायाच हलला असेल का? नवीन घर असतं तर रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांना ताब्यापासून ५ वर्षं बिल्डर जबाबदार असतो. इथे सगळं आपल्याच गळ्यात. बँकेचा माणूस येऊन गेला, पण तो किंमत ठरवायला. गच्चीवर चढलासुद्धा नाही.

पाया, स्लॅब, वायरिंग नीट बघून लेखी रिपोर्ट देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत आहे का? फी साधारण किती घेतात? आणि ‘तपासणीत मोठा दोष निघाला तर इसार परत’ अशी अट साठेखतात कुणी घालून घेतलीय का? मालक तयार होतात का? बाबांच्या निवृत्तीचे सगळे पैसे यात जाणार आहेत, म्हणून कळकळीने विचारतोय.