लॉजला ईसीएलजीएसची (महामारीतल्या सरकारी हमीच्या कर्जयोजनेची) वाढीव ५० टक्के मर्यादा मिळते का? आणि कर्ज नसलेल्या छंदवर्गाचं काय?

खोली_आणि_खानावळ (प्रश्न, एप्रिल २०२२; उत्तरंही तेव्हाच्या नियमांनुसार, योजनेची मुदत ३१ मार्च २०२३ ला संपली)

तारकर्लीजवळचं आठ खोल्यांचं लॉज आणि खानावळ. मालकी एकाच नावावर आहे, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) आणि जीएसटी दोन्ही आहेत. २९ फेब्रुवारी २०२० ला मुदत कर्जाची बाकी २२ लाख आणि कॅश क्रेडिटची (ठरलेल्या मर्यादेत हवी तेव्हा उचल करायचं कर्जखातं) ८ लाख, म्हणजे एकूण ३० लाख होती. जुलै २०२१ मध्ये ईसीएलजीएस ३.० (योजनेचा हॉटेल-पर्यटनासाठीचा भाग) खाली जुन्या बाकीच्या ४० टक्के, म्हणजे १२ लाख जादा कर्ज घेतलं. व्याज वेळेवर भरलं जातंय.

३० मार्चला केंद्राने मर्यादा ५० टक्के केल्याचं वाचलं. शाखेत विचारल्यावर "तुम्ही योजनेचा लाभ घेतलेला आहे, आता काही नाही" एवढंच उत्तर मिळालं. हे बरोबर आहे का? मिळणार असेल तर किती?

दुसरं म्हणजे, त्याच आवारात पत्नीच्या नावाने कुंभारकामाचे वर्ग चालतात: चार विजेची चाकं, एक भट्टी, शनिवार-रविवारी शिकणारे. टाळेबंदीत तेही बंद होते. त्यावर कर्ज कधीच नव्हतं, उद्यम नोंदणीही नाही. त्यांना काही मदत आहे का?

---

कर्जखाते

शाखेचं म्हणणं चुकीचं आहे. आधी लाभ घेतलेल्यांनाही वाढीव मर्यादा लागू आहे, फक्त आधी घेतलेली रक्कम वजा होते. बदललेल्या नियमाचा खरा फायदा मात्र टक्केवारीपेक्षा तारखांमध्ये आहे आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

सुरुवातीला फक्त २९.०२.२०२० ची बाकी धरत, सप्टेंबर २०२१ च्या बदलानंतर ३१.०३.२०२१ चीही. आता २९.०२.२०२०, ३१.०३.२०२१ आणि ३१.०१.२०२२ यांपैकी ज्या दिवशी निधी-आधारित बाकी (प्रत्यक्ष पैसे उचललेल्या कर्जाची) सर्वांत जास्त असेल ती धरायची आणि तिच्या ५० टक्के. (कमाल मर्यादा प्रत्येक कर्जदाराला २०० कोटी, तिचा इथे संबंध नाही.) त्यामुळे तिन्ही तारखांचे खातेउतारे काढा. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्तेसवलत घेतली असेल, तर त्या काळातलं व्याज मुद्दलात चढलेलं असतं आणि ३१.०३.२०२१ ची बाकी २०२० पेक्षा जास्त निघू शकते. समजा त्या दिवशी मुदत कर्ज २२.६ लाख आणि कॅश क्रेडिट ९.४ लाख, एकूण ३२ लाख निघालं. त्याचे ५० टक्के १६ लाख. त्यातून घेतलेले १२ लाख वजा केले की ४ लाख राहतात. फक्त २०२० ची तारीख धरून बसलात तर १५ वजा १२, म्हणजे ३ लाखच.

कॅश क्रेडिटमध्ये मर्यादा मोजत नाहीत, त्या दिवशीची प्रत्यक्ष उचल मोजतात. हंगामाच्या धंद्यात हे फार लागतं. दिवाळी ते मेच्या कमाईतून कुणी फेब्रुवारीअखेर खातं जवळजवळ शून्यावर आणलं असेल, तर शिस्तीने वागूनही त्याची पात्रता कमी निघायची. तीन तारखांमुळे तो अन्याय थोडा कमी झालाय.

निवडलेल्या तारखेला खातं ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं. बँक गॅरंटी, लेटर ऑफ क्रेडिट वगैरे धरत नाहीत. कर्ज दोन बँकांत विभागलेलं असेल तर प्रत्येकीकडून तिच्या वाट्याच्या प्रमाणात घ्यायचं, किंवा दुसऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र आणून एकीकडूनच सगळं घ्यायचं.

शाखेत तोंडी विचारू नका. कर्जखाते क्रमांक, तीन तारखांच्या बाक्या, आधी घेतलेली रक्कम आणि मागणी असा एक पानाचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात '३० मार्च २०२२ चा बदल, ईसीएलजीएस ३.०' असा स्पष्ट उल्लेख करा, म्हणजे कागद बँकेच्या एमएसएमई (लघुउद्योग) कक्षापर्यंत पोचतो.

---

जीएसटीवाला

खानावळीची विक्री स्विगी-झोमॅटोवरून होत असेल तर अर्जाआधी एक गोष्ट तपासा. १ जानेवारी २०२२ पासून अशा ऑर्डरींवरचा कर ॲपवाली कंपनी भरते. एप्रिल २०२२ च्या नियमानुसार ती विक्री तुमच्या ३बी या जीएसटी विवरणात ३.१(अ) या करपात्र विक्रीच्या रकान्याऐवजी ३.१(क) या शून्यदर-करमाफ रकान्यात जाते. बँकेतला माणूस सवयीने फक्त ३.१(अ) बघतो आणि जानेवारीपासून विक्री कोसळली असं टिपण लिहितो. विवरणासोबत ॲपचा महिनावार गोषवारा जोडा आणि दोन्ही रकान्यांची बेरीज एका ओळीत लिहून द्या.

बँकेत जमा होणारी रक्कम कमिशन कापून येते, म्हणून खात्यावरची जमा आणि जीएसटीतली विक्री कधीच जुळत नाही. त्याचाही खुलासा आधीच द्यावा. नाहीतर 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारून फाईल महिनाभर पडून राहते.

---

खोली_आणि_खानावळ

३१.०३.२०२१ चा उतारा काढला, एकूण बाकी खरंच ३२ लाखांच्या आसपास आहे. ४ लाख मिळणार असतील तर घ्यावेत का? सरकारची १०० टक्के हमी आहे म्हणून जोखीम कमी, असं इथले बरेच जण म्हणतात.

---

कर्जखाते

ही समजूत कृपया डोक्यातून काढा आणि ओळखीच्या सगळ्यांनाही सांगा. हमी एनसीजीटीसी (कर्जहमी देणारी सरकारी कंपनी) बँकेला देते, तुम्हाला नाही. खातं एनपीए (थकीत, बुडीत) झालं की बँक दावा करते. तिला ७५ टक्के रक्कम लवकर मिळते, उरलेली वसुलीची प्रक्रिया संपल्यावर. पण तुमच्याकडून वसुली करायची जबाबदारी बँकेवरच राहते आणि वसूल झालेलं पुढे हमी देणाऱ्या ट्रस्टकडे जातं. तुमचं देणं एका रुपयानेही कमी होत नाही. नवं तारण मागत नाहीत हे खरं, पण जुन्या तारणावर दुसरा बोजा चढतो, म्हणजे लॉजची इमारत याही कर्जाला बांधलेली आहे.

आता आकडे बघू. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के आहे (एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपन्यांना १४), तीच धरतो. १२ लाखांवर पहिली दोन वर्षं फक्त व्याज, महिन्याला ९,२५०. त्यानंतर ४८ हप्ते, प्रत्येकी सुमारे ३०,०००. सहा वर्षांचं व्याज एकूण ४ लाख ६० हजारांच्या घरात जातं. वर ४ लाख घेतले तर आत्ता दरमहा ३,०८३ आणि पुढे हप्त्यात १०,००० ची भर. मूळ मुदत कर्जाचा हप्ता वेगळा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात अवघड जागा कॅलेंडरमध्ये आहे. जुलै २०२१ ला उचल झाली, म्हणजे मुद्दलाची सवलत जुलै २०२३ ला संपते आणि पहिला मोठा हप्ता ऑगस्टमध्ये येतो. किनाऱ्यावर तेव्हा पाऊस, समुद्र बंद, खोल्या रिकाम्या. गणपतीत गाव भरतं, पण चाकरमानी आपापल्या घरीच उतरतात. दिवाळीपर्यंत गल्ल्यात फारसं काही येत नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तीन हप्त्यांचे ९० हजार २०२३ च्या मे अखेरीस वेगळ्या खात्यात तयार हवेत. ४ लाख वाढवले तर १ लाख २० हजार. हंगामातल्या आठ महिन्यांचं आवर्ती ठेव खातं काढलं तर महिन्याला अनुक्रमे ११ ते १२ हजार किंवा १५ हजार बाजूला टाकावे लागतील. एवढी शिल्लक उरत नसेल तर ४ लाख घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायचेच असतील तर पुढच्या हंगामात परत येतील अशाच कामाला लावा: गळणारं छप्पर, बंद पडलेला इन्व्हर्टर, वापरात नसलेल्या दोन खोल्या चालू करणं. थकलेलं वीजबिल आणि पगार यांत गेले की ते पुन्हा दिसत नाहीत. वाढीव रकमेचा पहिला हप्ता नेमका कधी हे मंजुरीपत्रात तारखेसह लिहून घ्या. मुदतीआधी फेडीला दंड नाही, त्यामुळे मे महिन्यात जास्तीची रक्कम मुद्दलात भरणं केव्हाही चांगलं.

---

चाक_आणि_भट्टी

वर्गांबद्दल. महामारीतली मदत बहुतेक सगळी जुन्या कर्जावर बेतलेली होती. ईसीएलजीएस म्हणजे बाकीच्या काही टक्के, आणि बाकी शून्य असेल तर शून्याचे ५० टक्केही शून्यच. ज्यांनी कधी उधार न घेता स्वतःच्या बचतीतून चाक-भट्टी उभी केली, त्यांना या रचनेत जागाच नव्हती. शिवण, चित्रकला, घरगुती केक, सगळ्यांची हीच गत झाली, आणि त्यात बायकांचे धंदे फार. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बंदीचा फटका त्यांनाही तेवढाच बसला.

केंद्राची स्वनिधी कर्जयोजना इथे लागू नाही. ती २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी शहरी भागात विक्री करणाऱ्या पथविक्रेत्यांसाठी आहे, प्रदर्शनात लावलेला स्टॉल त्यात बसत नाही. पर्यटन मंत्रालयाची १० लाखांची हमी योजना मान्यताप्राप्त प्रवासी व्यावसायिकांसाठी आहे आणि १ लाखाची गाईडसाठी. रिझर्व्ह बँकेची हॉटेल-पर्यटनासाठीची १५,००० कोटींची खिडकी ३० जून २०२२ पर्यंतच होती. तीही बँकांना पैसे देणारी होती, थेट व्यावसायिकांना नव्हे.

उरतो नवीन कर्जाचा मार्ग, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची मुद्रा योजना: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तारण नाही. त्यासाठी आधी वर्ग कागदावर 'धंदा' म्हणून दिसायला हवेत.

उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या खासगी साइट सरकारीच वाटतील अशा बनवलेल्या असतात, तिथे भरू नका. एका पॅनवर एकच नोंदणी मिळते, म्हणून पत्नीच्या पॅनवर स्वतंत्र करा, लॉजच्या नोंदणीत घुसडू नका. वर्गांना शिक्षणाचा कोड (विभाग ८५) येतो. भांडी विकतही असाल तर मातीच्या वस्तूंच्या उत्पादनाचा कोड (विभाग २३ मधला) जोडा. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही आणि त्यावाचून उद्यम अडत नाही.

फी वेगळ्या खात्यात घ्या. लॉजच्या क्यूआर कोडवर वर्गांची फी जमा होत असेल तर ते आजच थांबवा, कारण बँक त्या पैशाला लॉजची विक्री समजते आणि वर्गांचं उत्पन्न शून्य दिसतं.

विवरणपत्रात छंदवर्गाची कमाई बरेच जण 'इतर उत्पन्न' म्हणून आयटीआर-१ मध्ये दाखवतात. कर तेवढाच लागला तरी बँकेच्या लेखी धंदा नसतोच. यंदाचं विवरण आयटीआर-४ मध्ये कलम ४४एडी (छोट्या धंद्यांचा अंदाजे नफा धरण्याची सोय) खाली भरा, डिजिटल जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवून. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा.

मुद्रासाठी नव्या भट्टीचं किंवा चाकाचं पुरवठादाराचं दरपत्रक, सहा ते बारा महिन्यांचा खातेउतारा आणि जागेचा पुरावा लागतो. भट्टी घरगुती मीटरवर चालत असेल तर ते आधी सरळ करून घ्या. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते, आणि मंजुरीआधी पाहणीला येणारा अधिकारी मीटर बघतोच.

---

जीएसटीवाला

अर्जाला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लिहा. तिथेही ३० दिवस गेले किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत (१२ नोव्हेंबर २०२१ पासून) ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. मजकूर मात्र जपून लिहा. 'कर्ज नाकारलं' असं लिहिलंत तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो आणि तक्रार दाखलच होत नाही. 'अर्ज घेतला नाही', 'लेखी उत्तर दिलं नाही', 'योजनेची चुकीची माहिती दिली' ही सेवेतली त्रुटी आहे. तीच मांडा आणि पोच असलेली प्रत जोडा.

हमी योजनेची मुदत ३१ मार्च २०२३ पर्यंतच होती. अर्ज एप्रिल २०२२ मध्येच गेला तर तक्रारीच्या दोन्ही पायऱ्या चढूनही मुदत हाताशी राहत होती.