उत्तर: उत्तर: साडेसातचा रस्ता नऊचा करायचाय (आणि गणपतीची यादी)

प्रेषक: इंदिरानगरवाला, मुक्काम महिनाभर नाशिक

मंडळी नमस्कार,

आधी कामाचं. गणपतीला मी तिकडे टोरोंटोच्या मंडळात नसणारे, त्यामुळे स्वयंसेवकांच्या यादीतून माझं नाव काढा, पार्किंगची ड्युटी कुणीतरी उचला प्लीज.

आता दुसरं. काकूंनी मागच्या आठवड्यात इथे लिहिलं होतं की टोरोंटोत गल्लोगल्ली सहा-सहा घरांच्या इमारती आणायचं चाललंय, त्याच्या विरोधात नगरसेविकेला पत्र लिहा म्हणून, ते वाचलं तेव्हा मी विमानतळावर होतो आणि घरी इंदिरानगरला पोचलो तर इकडे नाशकात तीच भाजी, फक्त फोडणी वेगळी. आमच्या आणि शेजारच्या बंगल्याचे प्लॉट एकत्र करून पार्किंग आणि वर पाच मजले करायचे असा प्रस्ताव घेऊन एक बिल्डर बाबांकडे तिसऱ्यांदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी पेढे पण आणले, ते बाबांनी देवापुढे ठेवले आणि फाईल परत दिली.

अडचण उंचीची नाहीये, रस्त्याची आहे. आमचा लेआऊट जुना, आतले रस्ते साडेसात मीटरचे, काही तर सहाचेच. आणि डिसेंबर 2020 मध्ये मुंबई सोडून बहुतेक राज्याला बांधकामाची जी एकच नियमावली लागली, यूडीसीपीआर, तिच्यात सगळा खेळ समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आहे. नऊ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं ते, 1.10, बस, टीडीआर (दुसरीकडे जागा सोडणाऱ्याचा बांधकामाचा हक्क) नाही, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही. नऊचा असेल तर तोच 1.10, वर 0.50 पैसे भरून, आणखी 0.40 टीडीआर विकत घेऊन, झाले 2.00. त्यावर परत, दोन्ही रस्त्यांना, राहत्या घरांसाठी 60 टक्के अ‍ॅन्सिलरी म्हणजे जोड एफएसआय, तोही पैसे भरून. आता आमचा प्लॉट धरा तीनशे चौरस मीटर. साडेसातच्या रस्त्यावर 330, अ‍ॅन्सिलरी धरून 528. नऊच्या रस्त्यावर 600, अ‍ॅन्सिलरी धरून 960. म्हणजे रस्ता दीड मीटरने वाढला, दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर, की त्याच जमिनीवर जवळजवळ दुप्पट बांधकाम. एवढं मोल त्या पाऊण मीटरला आहे आणि ते पाऊण मीटर म्हणजे आमच्याकडे आईचं कढीपत्त्याचं झाड आणि पाण्याचं मीटर.

मग कुणालाही वाटेल की द्या ना पट्टी, त्याचा पण एफएसआय मिळतोच. बाबा पण तयार आहेत. घोळ असा आहे की रस्ता नऊचा करायचा तर महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची रेषा कागदावर आखली जाते, हरकती मागवतात, ते होऊन रेषा ठरली की प्लॅन पास करताना रस्ता नऊचा धरतात. पट्टी सुटते ती ज्याचा प्लॅन पास होतोय त्याची. बाकीचे बारा बंगले आहेत तिथेच, त्यांच्या कंपाऊंडच्या भिंती आहेत तिथेच. म्हणजे आमच्यासमोर गल्लीला एक पोट सुटणार तेवढं, आणि दोन्ही बाजूंनी परत बाटलीचा गळा. पाच मजल्यांच्या तीस गाड्या त्याच गळ्यातून.

म्हणून टेप घेऊन गल्ली मोजली. भिंत ते भिंत कागदावर 7.50, प्रत्यक्षात 7.38. ते सोडा. पण प्रत्येकाच्या फाटकापुढे गाडी चढवायला सिमेंटचा रॅम्प, कुणाचा अर्धा मीटर कुणाचा मीटरभर, त्यापुढे कुंड्या, एकाने तर ओटाच बांधलाय संध्याकाळी बसायला, मग डीपी म्हणजे इलेक्ट्रिकची पेटी, हे सगळं वगळून चालायला गाडीला उरतो रस्ता सर्वात अरुंद जागी 4.90. टेपचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं, दूधवाल्याला वाटलं भाऊबंदकी सुरू झाली, तो दूध ठेवून न बोलता गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे, मजले वाढवायला माझी ना नाही. पण आधी भिंती मागे घ्या, सगळ्यांनी, मग नऊ म्हणा. भिंत मागे न घेता नऊ म्हणायचं असेल तर मग ते नऊ कुणाच्या गाडीला दिसणार आहेत?

कुणाकडे जावं हाही प्रश्नच होता, मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासक होता, वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. त्याआधी निदान कुणाच्या तरी दारात जाऊन भांडता यायचं.

तुमच्यातल्या नाशिककरांनी सांगा, तुमच्या कॉलनीत काय झालं.

प्रेषक: एटोबिकोच्या काकू

अरे तू तर एकदम इंजिनियर होऊन गेलास. यादीतून नाव काढलंय, पार्किंगला दुसरा कुणी बघते.

आमच्याकडचं, टोरोंटोच्या एटोबिको भागातलं, सांगायचं तर 2023 च्या मे मध्ये एका प्लॉटवर चार घरांपर्यंत परवानगी सगळ्या शहराला दिली तेव्हाच आम्ही गल्लीतल्या बायका हादरलो होतो, आणि 2025 च्या जूनमध्ये सहाचा ठराव आला तो मात्र सरसकट पास झाला नाही, नऊ वॉर्डांतच आला, बाकीच्यांनी हवं तर घ्या. आमचा त्यात नाही, सुटलो. माझं म्हणणं तेच की गल्लीचा म्हणून एक स्वभाव असतो रे. मागच्या अंगणात ऊन येतं, शेजारीण हात करते, ते सहा बिऱ्हाडं आल्यावर राहतं का? मी विरोधातच आहे आणि राहणार. तुझ्या बाबांना सांग पेढे परत द्यायचे होते फाईलबरोबर.

प्रेषक: जुना खजिनदार

सर्वांना नमस्कार. उशिरा लिहितोय, पण हा विषय आला की मला कपाट आठवतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नाशकात एके काळी फ्लॅटमध्ये भिंतीतल्या कपाटाची जागा एफएसआयमध्ये धरायची नाही अशी पद्धत होती, म्हणून बिल्डर लोकांनी कपाटं अशी मोठमोठी काढली की आत खाट बसेल, मग मधली भिंत पाडून ती खोलीतच. साधारण 2015 च्या सुमारास महापालिकेने ते मोजायला घेतलं आणि शहरातल्या कितीतरी इमारतींचा कम्प्लीशनचा दाखला अडकला. त्यात माझा एक फ्लॅट. इथून हप्ते भरत होतो बँकेचे, फ्लॅटला रंग लागलेला, लिफ्ट चालू, आणि दाखला नाही. बिल्डर म्हणायचा काका पुढच्या महिन्यात, माझे असे पुढचे महिने तीन वर्षं चालले. सुटका काय, तर जास्तीचा एफएसआय विकत घेऊन नियमित करा. ठीक. पण इमारत सहा किंवा साडेसातच्या रस्त्यावर असेल तर विकत घेणार कुठून, तिथे टीडीआर चढतच नाही! म्हणून मग रस्ते नऊचे करायची मागणी पुढे आली. रस्ता रुंद करायची गरज गाड्यांना नव्हती हो, कपाटांना होती. तुझं ते बाटलीच्या गळ्याचं वाचून हसू आलं ते यामुळे.

पण दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर सगळे म्हणतील म्हातारा कुरकुरतोच. आमचा मूळ वाडा सराफ बाजारात. लहानपणी गोदावरीचा 1969 चा पूर पाहिला, पायरी-पायरीने पाणी चढताना आजोबा भिंतीवर कोळशाने रेघ मारत होते. मग 2008 च्या सप्टेंबरात परत. त्यानंतर नाशकात निळी रेषा लाल रेषा हे पूररेषांचे शब्द घरोघरी झाले, निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. भाऊबंद चिडले, आपलीच जागा आणि आपल्यालाच बांधता येत नाही. मी तेव्हा चिडलो नव्हतो, आजही नाही, ती कोळशाची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. 2019 च्या ऑगस्टात पाणी परत आलंच की बाजारात. ती रेषा निदान नदीने आखून दिलेली होती. तुझी नऊची कुणाला हवी आहे ते आधी शोध.

वर्गणी ज्यांची बाकी आहे त्यांना नवीन खजिनदार लिहितीलच.

प्रेषक: पाथर्डी फाटा

काका-काकू सगळ्यांचा आदर ठेवून लिहितोय. मी मंडळात नवीन आहे, भाड्याने राहतो, तळघरात, वर घरमालकाचं कुटुंब. चार घरं, सहा घरं आली तर आम्हाला कुठेतरी जागा मिळेल, असं मला वाटतं. गल्लीच्या स्वभावात आमच्यासारख्यांना पण बसवा.

आणि नाशकात पण तेच आहे. भाऊ कॉलेज रोडला नोकरी करतो, घर मिळालं पाथर्डी फाट्याच्या पण पुढे, जिथे रस्ता डांबरी आहे म्हणून फ्लायरवर छापतात. रोज दोन्ही वेळ द्वारका नाहीतर मुंबई नाका चौकातली गर्दी. मधल्या कॉलन्यांमध्ये निम्मे बंगले कुलूपबंद, मालक आपल्यासारखेच बाहेर. शहराच्या पोटात जागा रिकामी आणि माणसं वेशीबाहेर, आणि तिकडे शेती विभागाचा यलो म्हणजे रहिवासी झोन करा म्हणून लोक मागे लागलेत. त्यापेक्षा इंदिरानगरात पाच मजले होऊ द्या ना. पाण्याचं बघावं लागेल हे मान्य.

पार्किंगची ड्युटी मी घेतो.

प्रेषक: इंदिरानगरवाला

पाथर्डी फाटा, पटलं. कुलूपबंद बंगल्यांचं तर एकदम पटलं, आमच्या गल्लीत मोजले, चौदातले सहा. रविवारी सगळ्यांची मीटिंग घेतली आमच्या गच्चीवर, आले सात, त्यात तीन राखणदार. मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर धरलं. पाण्याचं विचारलंस म्हणून, सकाळी एकदाच येतं, त्यात सगळ्यांच्या मोटरी लागलेल्या, शेवटच्या बंगल्याला पिचकारी मिळते. पाच मजले आल्यावर त्या आजी काय करणार याचं उत्तर बिल्डरकडे होतं, बोअर. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर बोअर.

मग त्याने संमतीपत्रांची फाईल काढली. रस्ता नऊचा करायला आमची हरकत नाही, पुढेमागे पुनर्विकासाला तयार आहोत, असं लिहून सात जणांच्या सह्या. मी बघत बघत खाली आलो तर अकरा नंबरच्या प्लॉटपुढे सही ओळखीची. काकू, ती तुमची आहे. हे इथे सगळ्यांसमोर लिहू की नको असा विचार केला, पण तुम्ही इथेच सगळ्यांना पत्र लिहायला सांगितलं होतं म्हणून इथेच विचारतो. एटोबिकोत सहा घरं नकोत आणि इंदिरानगरात पाच मजले चालतात, हे कसं?

प्रेषक: एटोबिकोच्या काकू

चांगलं केलंस, मागून बोलण्यापेक्षा.

सही माझीच. गेल्या दिवाळीत आले होते तेव्हा केली. तुला खरं सांगते, तो बंगला यांनी रिटायर झाल्यावर राहायचं म्हणून ठेवला होता. हे गेले. मी दर दोन वर्षांनी येते, आठ दिवस जाळी काढण्यात जातात, गिझर चालत नसतो, घरपट्टी वेगळी, राखणदाराची बायको प्रेमाने जेवायला घालते तेवढाच आनंद. मुलं म्हणतात विकून टाक. विकलं तर घेणारा बिल्डरच असणार ना? मग त्यापेक्षा एक फ्लॅट मला मिळाला, खाली वॉचमन, वर लिफ्ट, तर मी वर्षातले चार महिने येऊन राहीन तरी. इथलं घर मी राहते ते आहे, तिथलं मी राहत नाही ते आहे. यात दुटप्पीपणा आहे, दिसतो मला, पण पाथर्डी फाट्याच्या त्या मुलाने लिहिलेलं वाचून रात्री जास्त झोप लागली नाही ती त्या सहीमुळे नाही, इकडच्या पत्रामुळे. ते मी पाठवलंय आधीच. आता काय करायचं बघते.

तुझ्या भिंतीच्या अटीला माझी तयारी आहे. पाऊण मीटर काय, मीटर घ्या, माझी भिंत पहिली पाडा, खर्च मी देते. संमतीपत्रावर तसं वाढवून लिहून घे, आधी सगळ्या भिंती मागे मग माझी सही धरायची, नाहीतर रद्द. राखणदाराकडे मुखत्यारपत्र नाहीये, त्याची सही कुणी घेऊ नका. आणि कोपऱ्यातला अनंत तेवढा वाचतो का बघ, भिंतीला लागून आहे, यांनी लावलाय.

एक विचारते, तुम्ही बापलेकांनी मोजलं ते माझ्या भिंतीपासून की फाटकापासून? फाटक एक हात पुढे आहे.

प्रेषक: इंदिरानगरवाला

काकू, आज पाऊस थांबल्यावर परत जाऊन मोजलं. भिंतीपासून धरलं होतं. फाटक तुमचं 35 सेंटिमीटर पुढे आहे, रॅम्प त्याच्याही पुढे साठ. ते 4.90 जिथे भरलं ना, ती जागा तुमच्या आणि आमच्या रॅम्प-कुंड्यांच्या मधली. आमचा रॅम्प सत्तर आहे. बाबा म्हणाले हे लिहू नकोस, मग म्हणाले लिही.

अनंत भिंतीपासून दीड फुटावर आहे, म्हणजे पट्टीत जातोय. पावसाळा आहे तोवर फांदी कापून कुंडीत लावून ठेवतो, राखणदाराच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली दोन-तीन लावा, एक तरी जगेल.