मदत हवी आहे: बायको गरोदर असताना मुलीला गोवराची लस द्यावी का? कार्डही हरवलंय (घणसोली)

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

मुलगी १७ महिन्यांची आहे. जन्म पाटणचा, बायकोच्या माहेरी. जन्मतःच्या लसी, दीड महिन्याचे आणि अडीच महिन्यांचे डोस तिकडच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात झाले. मग आम्ही घणसोलीत आलो. साडेतीन महिन्यांचा डोस गावी जाऊन दिला असं बायको म्हणते, मला तो इथे दिल्यासारखा वाटतो. नऊ महिन्यांची लस कोपरखैरण्याला एका खासगी दवाखान्यात दिली हे नक्की, पण कोणती ते दोघांनाही आठवत नाही. भाड्याचं घर बदलताना कागदांची पिशवी गेली, त्यातच तिचं कार्ड होतं. दवाखान्यात विचारलं तर जुनी नोंद सापडत नाही म्हणाले.

आता खरी अडचण. परवा आमच्याच विंगमधल्या एका मुलाला अंगभर पुरळ आलं, डॉक्टरांनी गोवर सांगितला. पोर त्याच्याशी खेळली नाही, पण लिफ्ट एकच. बायकोला २८ वा आठवडा आहे. गरोदरपणात गोवर-रुबेलाची लस चालत नाही, त्यात जिवंत विषाणू असतो, असं तिला सांगितलंय. मग तीच लस मुलीला टोचली आणि मुलगी रात्रभर आईच्या कुशीत झोपली तर? माझी आई तर म्हणते, बाळंतपण होईपर्यंत पोरीला सुई लावूच नका. आईने पाच पोरं वाढवलीत, तिचं म्हणणं मोडायला जीव होत नाही. पण थांबलो आणि पोरीला गोवर झाला तर?

शिवाय बायकोला नावनोंदणीच्या वेळी टीडीचं एक इंजेक्शन झालंय. आता स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम टीडॅप घ्या म्हणतात. दोन्ही कशाला? आणि आई ६६ वर्षांची, मधुमेही. तिच्यासाठी काही असतं का?

प्रतिसाद १ (कळव्याची सिस्टर)

दादा, मी एएनएम होते, आता निवृत्त आहे. आधी मनातली भीती काढा. लस घेतलेल्या मुलाकडून गोवर-रुबेलाच्या लसीचा विषाणू आईला लागत नाही. घरात गरोदर बाई आहे म्हणून मुलाची ही लस लांबवायची नसते, उलट वेळेवर द्यायची. खरा रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडू शकतं. वहिनींचा तो काळ गेला, तरी खरा गोवर गरोदर बाईला कोणत्याही महिन्यात जड जातो. तो घरात येण्याची एक वाट पोरीकडून आहे, ती बंद करा.

वहिनींना मात्र आत्ता ही लस नाही. बाळंतपणानंतर घेता येते, अंगावर पाजत असल्या तरी.

सरकारी वेळापत्रकात एमआरचा (म्हणजे गोवर-रुबेलाचा) पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, म्हणजे तुमच्या मुलीची दुसऱ्या डोसाची वेळ झालेलीच आहे. खासगीत नऊ महिन्यांना बहुधा एमएमआर देतात, त्यात गालगुंडाची लसही असते. ती दिली असेल तर पहिला डोस धरला जातो. कागद मिळालाच नाही तर तो डोस झालाच नाही असं धरायचं. आता एक द्यायचा, किमान चार आठवड्यांनी दुसरा. एखादा डोस जास्तीचा झाला तरी अपाय नाही. लिफ्टचं म्हणाल तर गोवराचा विषाणू बंद जागेत दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संपर्क झाला असेल तर ७२ तासांच्या आत दिलेली लस जास्त उपयोगी, म्हणून उद्याच जा. मुलीला ताप किंवा पुरळ असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, गरोदर बायकांच्या रांगेत घेऊन बसू नका.

साडेतीन महिन्यांचा डोस म्हणजे पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्र लस) तिसरा डोस, त्यासाठी वहिनींच्या माहेरच्या आशाताईंना फोन लावा. कार्ड हरवलं तरी केंद्राच्या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव असतं. मोबाईल नंबर टाकून यू-विनवरही (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) बघा. पहिले दोन झालेत, त्यामुळे तिसरा राहिला असेल तर वर्ष उलटलं तरी देतात, पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत. १६ महिन्यांनंतरचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर कधी द्यायचा ते याच नोंदीवरून ठरेल.

प्रतिसाद २ (ऐरोलीची आई)

टीडॅपबद्दल मी सांगते, मागच्याच वर्षी यातून गेले. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प असतो, टीडॅपमध्ये डांग्या खोकलाही असतो. बाळाची स्वतःची लस दीड महिन्याला सुरू होते. तोपर्यंत त्याला संरक्षण आईच्या रक्तातून गेलेलं असतं, म्हणून २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायला सांगतात, आणि प्रत्येक खेपेला नव्याने. सरकारी केंद्रात टीडी मिळतं, टीडॅप मला विकत घ्यावं लागलं. फ्लूचं इंजेक्शनही मॅडमना विचारा, त्यात जिवंत विषाणू नसतो.

तुमच्या आईंना दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोनियाची, दोन्ही डॉक्टरांना विचारून घ्या. मधुमेहात खोकला छातीत लवकर उतरतो. माझ्या सासूबाईंचं आम्ही आज-उद्या करत राहिलो आणि दहा दिवस आयसीयूत काढावे लागले.

मूळ धागाकर्ता

सिस्टर, ताई, मनापासून आभार. काल सकाळीच मुलीला नागरी आरोग्य केंद्रात नेलं. ताप वगैरे नव्हता. उजव्या दंडावर एमआर दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं, नवीन कार्डावर चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली. गावच्या आशाताईंनी रजिस्टरचा फोटो पाठवला. पेंटाचा तिसरा डोस तिथेच झालाय, बायकोचं बरोबर होतं. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण निघताना पोरीला टोपी तिनेच घातली.

टीडॅप सोमवारी. टीडी होऊन तीन महिने झालेत, एवढं अंतर पुरे ना?