नोंदणी नसली तरी व्हिडिओ तुमचाच

दादा, नोंदणी केली नसेल तर चोरलेल्या व्हिडिओवर हक्क सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही ओ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ तयार झाला की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी ऐच्छिक, कोर्टात गेलात तर पुरावा म्हणून कामाला येते.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक मी रात्रभर शूट केली होती. मारुती गल्लीत लेझीम खेळणाऱ्या एका पोराचा फेटा सुटला, त्यानं तो दातात धरला आणि ठेका चुकू दिला नाही. दोन दिवसांत तोच शॉट दुसऱ्याच चॅनेलवर! कोपऱ्यातलं माझं नाव सरळ कापलेलं. फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून नाव मी फ्रेमच्या मधोमध, फिकट टाकतो, आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल कधीच पुसत नाही.

यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म फुकट आहे. दोन्ही व्हिडिओंच्या लिंक द्यायच्या, कुठल्या मिनिटापासून चोरी आहे ते लिहायचं. त्या चॅनेलवरचा माझा चोरलेला शॉट तसाच उतरवला गेला. समोरच्यानं व्हिडिओ आपलाच असल्याचा उलट दावा केला तर मात्र तक्रार करणाऱ्याला कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून मूळ फाइल जपा. आणि गावातल्या दुसऱ्या कुणी तीच मिरवणूक स्वतः शूट केली असेल, तर त्याच्यावर तक्रार करू नका. ते चित्रण त्याचं आहे.