शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीवरचा थ्रिप्स (फुलकिडा) हटेना, ते थ्रिप्स खाणारे कोळी (बारीक माइट, घरातला कोळी नव्हे) कुणी वापरलेत का?

शेडनेटवाला_बारामती:
राम राम मंडळी. २० गुंठ्यात ढोबळी आहे, ७० दिवस झाले. शेंड्याची पानं वर वाटीसारखी वळलीत, फळाला देठाजवळ खरबरीत तपकिरी चट्टे पडतात आणि व्यापारी तोच माल बाजूला काढतो. दुकानदार म्हणेल ते औषध मारलं, फिप्रोनिल झालं, इमिडा झालं, पायरेथ्रॉइडपण झालं, दर पाच दिवसाला पंप पाठीवर आहे, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. परदेशात म्हणे कोळी सोडतात आणि ते थ्रिप्स खातात, आपल्याकडे कुठे मिळतील?

बोकड्याने_गांजलेला:
कोळी सोडायचे?? आम्ही कोळी मारायला अबामेक्टिन मारतोय ना भाऊ 😄

वेस्टलँडकर:
वरच्या भाऊंसाठी, पानं खाणारा कोळी वेगळा आणि हा परभक्षी कोळी वेगळा, पण अबामेक्टिनला तो फरक कळत नाही, दोघंही मरतात.
मी इकडे नेदरलँड्सला ढोबळीच्या ग्लासहाऊसमध्ये कामाला आहे. आम्ही स्विर्स्की नावाचा कोळी वापरतो, कोंड्याने भरलेल्या छोट्या पुड्या झाडाला अडकवायच्या आणि त्यातून तो आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतो. मात्र तो मोठ्या थ्रिप्सच्या वाटेला जात नाही, अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू खातो. म्हणून फुलं लागली की लगेच सोडायचा, थ्रिप्स नसला तरी परागकणांवर जगतो. तुमच्याइतका थ्रिप्स झाल्यावर सोडला तर काही उपयोग नाही. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या ढोबळीवाल्यांचंही तुमच्यासारखं औषधावर औषधच चालायचं, २००६ च्या शेवटी जर्मनीत त्यांच्या मालात बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तेव्हा कुठे सगळे झपाट्याने मित्रकीटकांकडे वळले.
बाकी स्विर्स्की परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही, ऑनलाइन कुणी विकत असेल तर लांबच राहा.

भिंगवाली_ताई:
दादा, पाच दिवसाला फवारा मारून का हटत नाही ते आधी बघा. अंडी पानाच्या आत टोचलेली असतात, कोष मातीत असतो, मोठा थ्रिप्स फुलात दडून बसतो, म्हणजे तुमचं औषध लागतं फक्त पानावरच्या पिल्लांना. पाच दिवसात नवीन पिल्लं निघतात आणि त्यांना खाणारं कुणी शिल्लक नसतं, कारण पायरेथ्रॉइडचा अंश मित्रकोळ्यांना कित्येक आठवडे भोवतो.
कोळी आपल्याकडेपण आहेत हो. १० पटीचं भिंग घ्या, ढोबळीचं पान उलटं करा, मधली शीर आणि बाजूची शीर जिथे मिळते त्या बेचक्यात बारीक केसांचा झुबका असतो, तिथे बघा. फिकट, चकचकीत, पेरूच्या बीएवढाही नाही, आणि फुंकर मारली की धूम पळतो तो आपला मित्र. जाळं करून संथ बसलाय तो लाल कोळी, म्हणजे पिकाचा शत्रू.
आणि पानं वर वळलीत म्हणजे थ्रिप्सच, खाली वळली असती तर पिवळा कोळी म्हटलं असतं. ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रं) जाळीतून थ्रिप्स आरामात येतो, त्यामुळे बांधावरचं तण आणि जुन्या मिरचीची झाडं आधी काढा.

शेडनेटवाला_बारामती:
ताई, आज सकाळी पांढऱ्या कागदावर दहा फुलं झटकली, एकेका फुलातून सात-आठ निघाले, पिवळे आणि काळपट दोन्ही. पानं चाळीस बघितली, बेचक्यात एकपण पळणारा नाही. शेडच्या बाहेर घरच्या परसातली दोन गावरान मिरचीची झाडं आहेत, त्यांना कधी औषध नाही, तिथे मात्र पाचव्याच पानाला एक पळाला! पोरगं म्हणतं ती पानं तोडून आत टाकू, चालेल का?

भिंगवाली_ताई:
चालेल, पण आधी उलटून बघा, थ्रिप्सपण सोबत आणाल. आणि पायरेथ्रॉइड मारून किती दिवस झाले ते सांगा, कमी झाले असतील तर बिचारे आत जाऊन मरतील.