आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा

लॅपटॉप थिजला तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा की विषय संपला, असा एक सल्ला असतो. विषय संपतो खरा, पण सेव्ह न केलेलं कामही त्यातच संपतं, म्हणून तो उपाय मी अगदी शेवटी ठेवतो. आधी कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबतो. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत अजून धुगधुगी आहे, अडकलाय तो बहुधा फक्त पडदा. दिवा ढिम्म असेल तर मात्र दाबा बटण.

आईचा लॅपटॉप परवा असाच थिजला. एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशोब, अर्ध्या तासाचं टायपिंग, आणि सेव्ह केलंय का विचारलं तर "ते आपोआप होतं ना रे?" दिवा लागत होता. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली (दोन्ही हात लागतात). बारीक बीप, पडदा क्षणभर काळा, आणि माऊस हलला! विंडोज १० आणि ११ मध्ये याने फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो, उघड्या फाइली जशाच्या तशा राहतात. हिशोब वाचला, बोलणी मात्र मीच खाल्ली.